दर रात्री दुप्पट होणारे बॅकस्लॅश

शून्यापासून | रविवार, रात्री ११:१०

मंडळी, डोकं गरगरायला लागलंय म्हणून धागा काढतोय. प्रोग्रामिंग शिकून वर्ष झालं नाही अजून, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. कुठल्या फोल्डरातून कुठे कॉपी करायची याची यादी एका जेसन फाईलमध्ये (ठरावीक साच्यात माहिती साठवणारी मजकुराची फाईल) आहे. स्क्रिप्ट रोज रात्री ती यादी वाचते, फायली कॉपी करते आणि "शेवटचं काम अमुक वाजता" एवढी भर घालून तीच फाईल परत लिहून ठेवते. मशीन विंडोजचं, त्यामुळे फायलींच्या पत्त्यांत बॅकस्लॅश (उलटा तिरका दांडा) आलेच.

सुरुवातीला सगळं छान चाललं. आज सहज पाहिलं तर बऱ्याच दिवसांत एकही फाईल कॉपी झालेली नाही. यादीची फाईल उघडायला गेलो तर एडिटर हँग. कशीबशी उघडली. जिथे \ होता तिथे नुसती \\\\\\\\ ची भिंत. एका स्लॅशमागे हजारो. मी स्वतः एकही टाकलेला नाही. हे कुठून येतायत?

अर्धविराम | रविवार, रात्री ११:३२

पहिला प्रश्न: मूळ फाईलमध्ये तुम्ही खरंच एकच \ लिहिला होता का? जेसनमध्ये पत्त्यातला बॅकस्लॅश दोनदाच लिहावा लागतो.

शून्यापासून | रविवार, रात्री ११:३६

दोनच लिहिले होते हो ताई. वर धाग्यातही मी दोनच टाईप केले होते! दिसतोय एक. म्हणजे इथल्या सॉफ्टवेअरनेही एक खाल्ला?

अर्धविराम | रविवार, रात्री ११:४१

खाल्ला. त्याच्या लेखी \\ म्हणजे "एक बॅकस्लॅश दाखव". आता इथे चार टाईप करा, दोन दिसतील. 🙂 तुमचं दुखणं हेच आहे, फक्त उलट दिशेने. फाईल वाचण्याचा आणि लिहिण्याचा कोड टाका. आणि फाईलचा आकार सांगा.

शून्यापासून | रविवार, रात्री ११:५८

आकार साडेसात एमबी. यादीत एकूण ३० पत्ते आहेत, साधारण सारखेच, प्रत्येकात चार बॅकस्लॅश. कोड उद्या ऑफिसातून टाकतो, घरच्या लॅपटॉपवर नाही.

कंसबंद | सोमवार, सकाळी ८:१५

सोपं आहे. वाचल्यावर लगेच दोनाचा एक करून टाका. पायथनच्या रिप्लेसमध्ये पहिल्या जागी "\\\\" आणि दुसऱ्या जागी "\\". विषय संपला. मी सगळीकडे हेच करतो.

जुनं_खोड | सोमवार, सकाळी ९:०२

कंसबंद, विषय संपला नाही, वाढला. दुखणं कुठे आहे ते न बघता मलम लावताय.

शून्यापासून, तुमच्या आकड्यांवरून कोड न बघताही बरंच कळतं. ३० पत्ते गुणिले चार, म्हणजे १२० बॅकस्लॅश. साडेसात एमबी म्हणजे ७८,६४,३२० बाईट. बाकीचा मजकूर त्यात किस झाड की पत्ती. भागाकार करा: एका बॅकस्लॅशमागे ६५,५३६. हा दोनाचा सोळावा घात आहे. फाईलमध्ये सुरुवात दोनाने झाली, म्हणजे पहिला घात तुमचा; उरलेले पंधरा स्क्रिप्टचे. स्क्रिप्ट पंधरा रात्री चालली आहे. खरं का?

शून्यापासून | सोमवार, सकाळी ९:२०

काका, दंडवत. बरोब्बर पंधरा. रविवारी दुपारी सुरू केली होती, त्यापुढची दर रात्र.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ९:२५

खुर्ची सोडून उभा राहून टाळ्या. अजून पाच रात्री गेल्या असत्या तर एकाचे २०,९७,१५२ झाले असते.

जुनं_खोड | सोमवार, सकाळी ९:५०

टाळ्या नकोत, गणित दुसरीतलं आहे. दर फेरीत बरोबर दुप्पट होतंय म्हणजे लिहिताना एस्केप होतंय (खास चिन्हाआधी जादा \ लागतोय) आणि वाचताना ते सोडवलं जात नाहीये. गाठ मारायची आणि न सोडताच तिच्यावर दुसरी मारायची. तुम्ही फाईल लिहिताना जेसनची लायब्ररी (पायथनसोबत मिळणारा तयार कोड) वापरताय आणि वाचताना वापरत नाही आहात. पैज.

शून्यापासून | सोमवार, दुपारी १:१५

पैज हरलो. वाचताना मी फाईल साधा मजकूर म्हणून उघडतो, ओळी तोडतो आणि दोन अवतरण चिन्हांच्या मधलं उचलतो. लिहिताना लायब्ररीची जेसन-डंप ही आज्ञा.

असं का, तर फाईलमध्ये मी मधे मधे // टाकून टिपा लिहिल्या होत्या: हा पत्ता अमक्याचा, हा तमक्याचा. लायब्ररीने वाचायला गेलो की एरर यायची. मग म्हटलं हातानेच वाचू.

अर्धविराम | सोमवार, दुपारी १:३०

जेसनमध्ये टिपांना जागाच नाही, त्यामुळे एरर रास्त होती. बाय द वे, त्या टिपा आहेत का अजून फाईलमध्ये?

शून्यापासून | सोमवार, दुपारी १:३३

...नाहीत. पहिल्याच रात्री उडाल्या असणार. पंधरा दिवस मी नसलेल्या टिपांसाठी हाताने फाईल वाचत होतो.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १:३४

😂😂

कंसबंद | सोमवार, दुपारी २:१०

ठीक आहे, पण माझा उपाय चालला असताच ना? दोनाचा एक केला की हिशेब बरोबर.

अर्धविराम | सोमवार, दुपारी २:४०

दोन ठिकाणी फसतो.

एक, नेटवर्कवरच्या फोल्डरचा पत्ता मुळातच दोन बॅकस्लॅशने सुरू होतो. \\सर्व्हर\फोल्डर असा. योग्य वाचलेल्या पत्त्यावर तुमचा रिप्लेस चालला की सुरुवातीचे दोन जाऊन एक उरणार आणि तो पत्ता भलतीकडेच बोट दाखवणार.

दोन, जेसनमध्ये एस्केप म्हणजे नुसता \\ नव्हे. \" आहे, नवीन ओळ आहे, टॅब आहे, बॅकस्पेस आणि फॉर्मफीड आहेत, बॅकस्लॅश-यूनंतर चार हेक्स (सोळाच्या पायाचे) अंक आहेत, आणि गंमत म्हणजे \/ सुद्धा आहे. एकेकाला रिप्लेस लिहायला बसलात तर क्रम चुकतो. समजा मजकुरात खरा बॅकस्लॅश आणि त्यापुढे एन हे अक्षर आहे. जेसनमध्ये ते \\एन होईल (एन म्हणजे इथे ते इंग्रजी अक्षर समजा). तुम्ही आधी \\ चा \ केलात आणि मग \एन ची नवीन ओळ केलीत, की फोल्डरचं नाव दोन ओळींत तुटलं. क्रम उलटा केला तर रिप्लेस दुसऱ्या \ ला एनशी जोडणार आणि पुन्हा तुटणार. डावीकडून उजवीकडे एकदाच, एकेक अक्षर बघत जायचं, हा एकच बरोबर मार्ग. लायब्ररी नेमकं तेच करते.

कंसबंद | सोमवार, दुपारी २:५५

हा क्रमाचा मुद्दा डोक्यात नव्हता. माझ्या दोन-तीन स्क्रिप्ट उघडून बघायला लागतील आता.

वाचनमात्र | सोमवार, दुपारी ४:०५

एक शंका. सुरुवातीचे काही दिवस कॉपी चालली कशी? दुसऱ्याच रात्री पत्त्यात जादा बॅकस्लॅश होते की.

जुनं_खोड | सोमवार, दुपारी ४:३०

छान प्रश्न. विंडोज पत्त्याच्या मधले लागोपाठचे बॅकस्लॅश एकच समजून घेतं. (फक्त अगदी सुरुवातीच्या दोनांना वेगळा अर्थ, वर ताईंनी सांगितलं तो.) म्हणून चूक पहिल्या रात्रीपासून होती पण दिसली पत्ता लांबत लांबत मर्यादेबाहेर गेला तेव्हा. पहिल्याच रात्री स्क्रिप्ट कोसळली असती तर हा धागाच निघाला नसता. आणि "फोल्डर सापडला नाही तर गुपचूप पुढे जा" असं लिहिलंय ना कोडमध्ये? ते काढा आधी.

शून्यापासून | सोमवार, दुपारी ४:४१

लिहिलंय. काढतो.

पण काका, मला अजून एक गोष्ट छळतेय. आत्ता कन्सोलवर बसून लायब्ररीने वाचून बघितलं. चलाचं (व्हेरिएबलचं) नाव टाईप करून एंटर दाबलं तर पत्त्यात परत दोन-दोन बॅकस्लॅश! आणि प्रिंट केलं तर एक. खरं कोण बोलतंय?

रात्रपाळी | सोमवार, संध्याकाळी ६:२०

ह्यात मी एक अख्खी रात्र घालवली आहे, म्हणून उत्तर माझं.

दोन्ही खरं बोलतात. प्रिंट तुम्हाला स्ट्रिंगमध्ये (म्हणजे साठवलेल्या मजकुरात) जे आहे ते दाखवतं. नुसतं नाव टाईप केल्यावर पायथन ती स्ट्रिंग *कोडमध्ये कशी लिहाल* ते दाखवतं, अवतरण चिन्हांसकट. ती चिन्हं दिसली की समजायचं, हा फोटो नाही, पाककृती आहे. लॉगमध्ये, डीबगरच्या खिडकीत, एररच्या मजकुरात बहुतेक वेळा पाककृतीच छापलेली असते. लोक ती बघून "अरे दोन झाले" म्हणून रिप्लेस मारतात आणि धडधाकट पत्त्याचा पाय तोडतात.

संशय आला की डोळ्यांवर जाऊ नका, लांबी मोजा.

वाक्य = "ती म्हणाली, \"थांब\""

(हो, पायथन ३ मध्ये चलाचं नाव देवनागरीत चालतं.) इथे कोडमध्ये दोन बॅकस्लॅश दिसतात, स्ट्रिंगमध्ये शून्य आहेत. "\\" ची लांबी १. "\\\\" ची लांबी २. लांबी खोटं बोलत नाही.

वाचनमात्र | सोमवार, संध्याकाळी ६:५०

मग देवनागरीत "की"ची लांबी २ का येते ते पण सांगा लगे हाथ. 😉

रात्रपाळी | सोमवार, संध्याकाळी ६:५८

क आणि ी वेगवेगळे मोजले जातात म्हणून. त्याला वेगळा धागा काढा, इथे काका रागावतील.

कंसबंद | सोमवार, रात्री ८:१५

पण मुळात हा तिरका दांडा निवडला कोणी? त्याचं तोंड बघायचं आहे. पत्त्यालाही तोच, एस्केपलाही तोच.

जुनं_खोड | सोमवार, रात्री ९:३०

रागावत नाही, उलट आवडीचा विषय काढलात.

बॅकस्लॅश ऍस्कीत (संगणकातल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जुन्या तक्त्यात) आणण्याचं श्रेय बॉब बेमर यांना जातं. साल १९६१, तेव्हा ते आयबीएममध्ये होते. त्यांना हवं होतं ते वेगळंच. अल्गॉल भाषेत "आणि" व "किंवा" यांसाठी गणितातली ∧ आणि ∨ ही चिन्हं होती, ती कीबोर्डवर कुठून आणणार? साधा स्लॅश होताच, त्याला उलटा जोडीदार दिला की /\ आणि \/ तयार. एवढ्यासाठी हा प्राणी जन्माला आला. ऍस्कीत त्याचा क्रमांक ९२. "एस्केप" या कल्पनेचं, म्हणजे पुढच्या चिन्हाचा नेहमीचा अर्थ सोडून दुसऱ्या अर्थाकडे जायचं, श्रेयही बेमर यांनाच देतात. पण ऍस्कीत त्यासाठी वेगळं चिन्ह आहे, क्रमांक २७. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण तेच.

स्ट्रिंगमध्ये एस्केपसाठी आधी चांदणी वापरायचे. बीसीपीएल ही भाषा आणि तिच्यातून निघालेली बी, दोन्हींत नवीन ओळ म्हणजे * आणि एन. सी आली तेव्हा चांदणीच्या जागी बॅकस्लॅश बसला आणि मग जावा, जावास्क्रिप्ट, पायथन, सगळ्यांनी तोच वारसा उचलला.

पत्त्याची कथा निराळी. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये (विंडोजच्या आधीची प्रणाली) फोल्डर नव्हतेच आणि / हे चिन्ह आज्ञेच्या पर्यायांसाठी खर्ची पडलं होतं. १९८३ मध्ये डॉस २.० ला फोल्डर आले तेव्हा / मोकळा नव्हता, म्हणून \. दोन बिऱ्हाडं एकाच खोलीत आली ती अशी.

अवांतर: विंडोजच्या बहुतेक प्रोग्रामिंग आज्ञांना / सुद्धा चालतो. मी कोडमध्ये पत्ते तसेच लिहितो आणि सुखात आहे.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:०५

रॉ स्ट्रिंग सुचवायला कोणी येण्याआधीच सांगते. पायथनमध्ये अवतरण चिन्हाआधी आर लावला की बॅकस्लॅश बॅकस्लॅशच राहतो. पण अशी स्ट्रिंग एका बॅकस्लॅशने संपू शकत नाही, शेवटचा \" मिळून स्ट्रिंग उघडीच राहते. फोल्डरचा पत्ता \ ने संपवायची सवय असलेल्यांना ही ठेच हमखास लागते. आणि रॉ स्ट्रिंगचा संबंध फक्त कोडमध्ये लिहिलेल्या मजकुराशी. फाईलमधून आलेल्याला ती काही करत नाही. शून्यापासून यांच्या प्रश्नात तिचा शून्य उपयोग.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४०

पायथनची एक जुनी ढिलाई पण सांगतो. ओळखीचा नसलेला एस्केप दिसला, समजा \डी, तर पायथन तो आहे तसा राहू देतो. त्यामुळे निम्मे पत्ते योगायोगाने चालतात. फोल्डरचं इंग्रजी नाव डी किंवा पी ने सुरू झालं तर ठीक. टी ने झालं की टॅब, एन ने झालं की नवी ओळ. त्यातून वापरकर्त्यांचा तो प्रसिद्ध फोल्डर, कॅपिटल यू ने सुरू होणारा, तिथे तर थेट सिंटॅक्स एरर, कारण मोठ्या यू पुढे त्याला आठ हेक्स अंक हवे असतात. पायथन ३.६ पासून अनोळखी एस्केपला इशारा होता पण एरवी दिसायचा नाही, ३.१२ पासून ठळक दिसतो. दिसला तर दाबू नका.

जावाचं तर विचारू नका. तिथे बॅकस्लॅश-यू सगळ्याच्या आधी सोडवला जातो, कॉमेंटमध्येसुद्धा. कॉमेंटमध्ये कोणीतरी विंडोजचा पत्ता निष्पापपणे लिहून ठेवला होता, फोल्डर छोट्या यू ने सुरू होणारा. बिल्ड बंद. कोडच्या प्रत्येक ओळीकडे संशयाने पाहिलं, कॉमेंटकडे कोण बघतं? दोन तास गेले.

वाचनमात्र | मंगळवार, सकाळी ७:४५

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात शोधायच्या साच्यात) एका बॅकस्लॅशसाठी "\\\\" चार लिहावे लागतात ते का, हे आज कळलं असं वाटतंय. दोनाचा एक जावाचा कंपायलर करतो, चाराचे दोन उरतात. त्या दोनांचा एक रेग्युलर एक्स्प्रेशन करतं. बरोबर?

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ८:१०

बरोबर. मी तर मोजायचं सोडून "हे किती जण वाचणार" एवढंच विचारते. कंपायलर एक, रेग्युलर एक्स्प्रेशन दोन. ती स्ट्रिंग जर जेसनमधून येत असेल आणि ते जेसन शेलच्या (आज्ञा टाईप करायच्या खिडकीतल्या) आज्ञेत लिहिलं असेल तर वाचणारे आणखी वाढले. शेलमध्ये एकेरी अवतरणात बॅकस्लॅश चालतच नाही, तिथे 'ओ'\''ब्रायन' असं अवतरण बंद करून, एक सुटं ' टाकून, पुन्हा उघडावं लागतं. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेच्या प्रमाण नियमात 'ओ''ब्रायन', चिन्ह दोनदा. सीएसव्हीमध्येही (स्वल्पविरामांनी तोडलेली तक्त्याची फाईल) दोनदा, पण दुहेरी अवतरण. घरोघरी मातीच्या चुली, पण प्रत्येकीचा धूर वेगळा.

जुनं_खोड | मंगळवार, सकाळी ९:१५

ओ'ब्रायनवरून आठवलं. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत एकेकाळी "मॅजिक कोट्स" नावाची सोय होती. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक ' च्या आधी आपोआप \ लागायचा. मी तेव्हा एका ग्राहकाची सभासद यादी सांभाळत होतो. आमचा कोडही स्वतः एस्केप करायचा, त्यामुळे डेटाबेसमध्ये ओ\'ब्रायन साठायचं. त्या बाईंनी पत्ता बदलायला फॉर्म उघडला, सेव्ह केला, झालं ओ\\\'ब्रायन. पुढच्या वेळी सात बॅकस्लॅश. मग पंधरा. त्यांनी फोन करून विचारलं, "माझ्या नावाला कुंपण का घालताय?" २०१२ मध्ये पीएचपी ५.४ मधून ती सोय काढून टाकली तेव्हा मी एक दिवस सुट्टी घेतली होती.

एसक्यूएलमध्ये हाताने एस्केप करूच नका. भरायचा मजकूर वेगळा पाठवायचा, त्याची जागा राखून ठेवलेली क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) वेगळी. मग ' हा फक्त ' असतो आणि कोणी फॉर्ममधून आख्खी क्वेरी घुसवली तरी ती नाव म्हणूनच साठते.

शून्यापासून | मंगळवार, रात्री ९:४०

झालं! बदललेलं असं:

वाचणं आणि लिहिणं दोन्ही लायब्ररीने. टिपांसाठी प्रत्येक नोंदीत "टीप" नावाची वेगळी किल्ली. फोल्डर नसेल तर स्क्रिप्ट थांबते आणि ओरडते. जुनी फाईल टाकून यादी हाताने नव्याने लिहिली. सलग वीस वेळा चालवून पाहिली, आकार तेवढाच.

पण नवीन भानगड. "टीप" मध्ये मराठी लिहिलं आणि स्क्रिप्टने फाईल परत लिहिली तर सगळ्या मराठीच्या जागी बॅकस्लॅश-यू आणि आकडे आलेत. र च्या जागी ०९३०, ठ च्या जागी ०९२०. परत एस्केप बिघडला का?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:५२

बिघडला नाही. ऍस्कीबाहेरचं प्रत्येक अक्षर असं लिहिणं ही पायथनच्या लायब्ररीची मूळ सवय. वाचताना जसंच्या तसं मराठी परत मिळतं, फक्त माणसाला फाईल वाचता येत नाही आणि ती फुगते: "मराठी" यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) १५ बाईट, असं लिहिलं तर ३०. जेसन-डंपला "एन्शुअर ऍस्की" नावाचा पर्याय आहे, तो फॉल्स करा. आणि फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, वाचतानाही आणि लिहितानाही, नाहीतर विंडोजवर दुसरा धागा काढाल.

शून्यापासून | मंगळवार, रात्री १०:२०

केलं. मराठी दिसतंय.

कंसबंद | बुधवार, सकाळी ८:३०

माझ्या स्क्रिप्ट तपासल्या. एकीत नेटवर्कचा पत्ता खरंच तुटत होता. त्यापुढे मी स्वतःच एक जादा \ जोडायची ओळ लिहिली होती, वर कॉमेंट: "का ते माहीत नाही, पण हे लागतं."

जुनं_खोड | बुधवार, सकाळी ८:४४

ती कॉमेंट जपून ठेवा. ओळ काढा.